मुलाच्या गावात हॉटेल

नागपूरच्या धरमपेठेत माझ्या काउंटरसमोर येऊन बसणारा माणूस मला थोडी चोर समजूनच बसतो, आणि तो उठून जाईपर्यंत मीही त्याला थोडा लबाड समजते. यात कोणी वाईट वाटून घेत नाही. तिकिटांचा धंदा असाच चालतो. त्याला वाटतं, ही बाई कमिशनसाठी काहीतरी गळ्यात मारणार. मला वाटतं, हा फुकट माहिती घेणार, चहा पिणार आणि घरी जाऊन मोबाइलवर स्वतःच बुकिंग करणार. दोघांचाही अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो.

बी.कॉम. आहे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, आणि हे मी कोणी न विचारता सांगते. सर्टिफिकेट काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलं आहे. पण संशय मी कॉलेजात शिकले नाही. तो भिवापूरला शिकले, वडिलांकडून. ते मिरचीच्या व्यापाऱ्याकडे माल पारखायला होते. पोत्याच्या तोंडाशी लालभडक, कुरकुरीत मिरची असायची. वडील तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. बाही सारून कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे आणि तळातली मूठ बाहेर काढायचे. ओलसर, काळपट माल निघाला की भांडण नाही, काही नाही; ती मूठ आणणाऱ्याच्याच हातावर ठेवायचे. घरी आल्यावर हाताची आग व्हायची, आई ताक ओतायची. मी धंद्यात दुसरं काही केलं नाही. पोतं बदललं, हात घालायची सवय तीच ठेवली.

आता ज्यासाठी लोक सगळ्यात जास्त माझ्याकडे येतात, तो युरोपच्या रेल्वेचा पास. आपल्या एस.टी.चा पास असतो ना, काढा आणि पाहिजे तिकडे फिरा, त्याचाच हा मोठा भाऊ. महिनाभरातले काही दिवस तुमचे. त्या दिवशी हव्या तितक्या गाड्यांत चढा, उतरा. हे झालं पोत्याचं तोंड. तळाशी काय आहे ते ऐका. पास म्हणजे भाडं, जागा नव्हे. बऱ्याच वेगवान गाड्यांत पास असूनही जागेसाठी वेगळे पैसे पडतात, आणि पासवाल्यांच्या जागा संपल्या की गाडी निघून जाते, तुम्ही फलाटावर. उलट तारखा पक्क्या असतील आणि लवकर बुकिंग केलं, तर साधी तिकिटं इतकी स्वस्त मिळतात की पास घेणारा वेडा ठरावा. म्हणजे ज्याचं सगळं ठरलेलं आहे त्याने पास घेऊ नये. ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याने घ्यावा. हे सगळं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते, आणि समोरचा विचारतो, "पण मॅडम, अनलिमिटेड आहे ना?"

गांधीबागेतले एक कापडाचे ठोक व्यापारी होते. शहरातल्या सगळ्या एजंटांना चाचपून शेवटी माझ्याकडे आले होते.

"एका पासवर दोन माणसं चालतात काय?"

"नाही, शेठजी."

"नवरा-बायको असले तरी?"

"तरी नाही."

"समजा, सकाळी मी फिरलो, दुपारून ती फिरली."

"पासवर नाव असतं, शेठजी."

"मग काय अनलिमिटेड म्हणून राहिले तुम्ही," असं म्हणून त्यांनी दोन पास काढले. फिरून आल्यावर त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या टायमाले याईले पास नका देऊ. नाश्ता एका देशात, जेवण दुसऱ्या देशात, झोपाले परत पहिल्या देशात. पास वसूल झाला पाहिजे म्हणे. युरोपच्या ठेसनावरचे सारे संडास मले पाठ आहेत. गाव एक पाहिलं नाही."

तेव्हापासून पास मागणाऱ्याला मी आधी एकच विचारते: तुम्हाला थांबायचं कुठे आहे? कारण पास वसूल करायचा तर थांबता येत नाही, आणि थांबायचं तर पास वसूल होत नाही. या प्रश्नावर माणूस जे उत्तर देतो त्यातून त्याला पास परवडेल की नाही ते कळतं. कधीकधी नको तेही कळतं.

हाच प्रश्न मी भोयर काकाजींना विचारला होता.

काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रेल्वेच्या बाबतीत पक्क्या जागेवर देवासारखी श्रद्धा. मोबाइलवर कन्फर्म दिसत असलं तरी स्टेशनवर जाऊन कोणाला तरी विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माझ्याकडे चहा कधी घेतला नाही. चहा घेतला की माणूस बांधला जातो, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतला नसता. सोबत काकू होत्या, मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसलेल्या. त्यांचा एकुलता मुलगा आशिष जर्मनीत, कोलोन शहरात इंजिनिअर. भोयरांच्या घरातला पहिला इंजिनिअर. काकाजींनी हे मला बसायच्या आधीच सांगितलं, आणि ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी स्वतः त्याच आवाजात बी.कॉम. सांगते.

"थांबायचं कुठं ते पोरगा सांगते," असं म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

मुलगा दिसायला नीटस, बोलायला सभ्य. मागे पांढरी भिंत, दुसरं काही नाही. त्याने सगळं पाठ असल्यासारखं सांगितलं. विमानाने पॅरिस. मग ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, बर्लिन, प्राग आणि व्हिएन्ना. व्हिएन्नाहून विमानाने परत. "रेल्वे पास काढा मॅडम, आणि सगळ्या गाड्यांच्या सीट्स रिझर्व्ह करा."

माझ्या बाह्या मनातल्या मनात वर गेल्या. पास घेणारा माणूस मोकळं फिरण्यासाठी घेतो. याला पासही पाहिजे आणि एकेक गाडीही खिळा ठोकल्यासारखी पक्की पाहिजे.

"सगळं ठरलेलंच आहे तर साधी तिकिटं स्वस्त पडतील," मी म्हटलं. "पास कशाला?"

"पासच काढा. बाबांना फिरायला आवडतं. पास असला की ते फिरत राहतील."

"कोलोनला किती दिवस धरू?"

"एक रात्र."

"एकच?"

"त्या आठवड्यात ऑफिसचं काम फार आहे मॅडम. मी भेटेन ना त्यांना. दिवसभर सोबत राहीन."

"बरं. तिथलं हॉटेल गाळते मग मी."

फोनमधला चेहरा जागच्या जागी थांबला. मला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं.

"नको," तो म्हणाला. "हॉटेल बघा. स्टेशनच्या जवळपास."

काकाजींनी फोन उचलला, दोन शब्द इकडचे-तिकडचे बोलून ठेवला, आणि मी काही विचारलं नसताना मला सांगू लागले, "लय लहान घरं असतात तिकडं. आपल्यावाणी नसते. चांगले चांगले लोकं हॉटेलात उतरवतात पाहुण्याले."

पाहुण्याले. काकूंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

आमच्याकडे मुलाच्या गावी गेलं आणि हॉटेलात उतरलं, असं कोणी सांगितलं तर ऐकणारा आधी दाराकडे बघतो आणि मग आवाज खाली करून विचारतो, काय झालं? खोली एक असली तर सगळे एका खोलीत झोपतात. मुलगा खाटेखाली झोपतो, पण आईबापाला हॉटेल दाखवत नाही. मी त्या दिवशी दुकान बंद करेपर्यंत आशिषचा निकाल लावून टाकला होता. याला आईबापाची लाज वाटते. किंवा घरात कोणी आहे, जिच्याबद्दल घरी माहीत नाही. पास त्यांना फिरवायला नाही, चालतं ठेवायला पाहिजे याला. कुठेच थांबू नये, आणि आपल्या दारात तर मुळीच नाही.

पण हे काकाजींना कोण सांगणार? तिकीट काढणारी बाई लोकांची घरं फोडायला बसलेली नसते. मी गप्प राहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. पासपोर्टच्या झेरॉक्स द्यायच्या राहिल्या म्हणे. राहिल्या नव्हत्या, माझ्याकडे होत्या. मी परत घेतल्या.

"माहेर कुठलं वं तुझं?" त्यांनी विचारलं.

"भिवापूर."

"मी पवनीची, बाजूचीच." त्या खुर्चीत पहिल्यांदाच नीट टेकून बसल्या. "मंग तुले कालच समजलं असंन."

"काय?"

"तूच म्हण. पोराच्या गावात हॉटेल."

मी म्हटलं, "काकाजींच्या लक्षात आलं नाही?"

"त्याईले समजत नाही, का समजून घेत नाही, मले सांगता येत नाही. साऱ्या लेआउटमध्ये घरोघरी सांगून ठेवलं आहे, पोरगा जर्मनीत इंजिनिअर आहे म्हणून. आशिष पहिले रोज फोन करे. घर दाखवे, सयपाक दाखवे. आता फकत भिंत दाखवते. काहून, म्हणून विचारलं तं म्हणते नवीन फ्लॅट आहे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मले एक सांग बाई. त्या पासवर, मनात आलं तं मांगच्या गावाले परत जाता येते काय?"

"येतं. पासातला दिवस शिल्लक पाहिजे."

"कोणाले न विचारता?"

"कोणालाही न विचारता. जर्मनीकडच्या गाड्यांना जागा पक्की करावीच लागते असं नाही."

"मंग पासच काढ. अन् बर्लिनच्या पुढच्या सीटा पक्क्या नको करू."

इतकी वर्षं मी लोकांना पास कधी परवडतो ते सांगत आले. त्या दिवशी पवनीच्या या बाईने माझ्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि ती मलाच वापरून दाखवली. मुलाला पास पाहिजे होता आईबाप चालत राहावेत म्हणून. आईला पाहिजे होता मागे फिरता यावं म्हणून. पास एकच.

काकूंना मी तिथेच मोबाइलवर पास कसा चालवायचा ते शिकवलं. सकाळी आजचा दिवस सुरू करायचा, कोणती गाडी ते टाकायचं, टीसीला पडद्यावरचा चौकोन दाखवायचा. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. प्राग आणि व्हिएन्नाची हॉटेलं मी रद्द करता येतील अशीच घेतली.

काकाजी मात्र भडकले.

"सीट नाही म्हणजे? जनरल डब्बा?"

"तसंच समजा काकाजी, पण रिकामा आणि स्वच्छ."

"अन् जागेवर कोणी आलं तं?"

"उठायचं, दुसरीकडे बसायचं."

"या वयात?" त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मॅडम, तुम्ही आम्हाले फसवून तं नाही राहिल्या?"

"तिकडची सिस्टीम तशी आहे काकाजी." धरमपेठेत सिस्टीम म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. आणि सिस्टीम खरंच तशी होती. पाहिजे असेल तर जागा पक्की करताही येते, एवढं मी बोलले नाही.

ते गेले. पॅरिसचे फोटो आले, ॲमस्टरडॅमच्या कालव्याचे आले. कोलोनचाही एक आला. त्या मोठ्या काळ्या चर्चसमोर तिघं उभे. आशिषच्या अंगात भारी कोट. मी फोटो मोठा करून त्याचे बूट पाहिले. कोट इस्त्रीचा, बूट चिखलाचे. सवय, दुसरं काय.

मग एका दुपारी फोन वाजला.

"मॅडम, भोयर बोलून राहिलो. आम्ही गाडीत आहो."

"प्रागच्या?"

"कोलोनच्या." काकाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बर्लिनच्या ठेसनावर ही म्हणे, परत जाऊ. मी म्हटलं, सीट कुठं आहे? तं ही चढूनच गेली. मी सामान घेऊन मागं. आता बसून आहो, पण नंबर नाही आमच्यापाशी. अन् टीसी येऊन राहिला."

"आजचा दिवस सुरू केला का?"

"हिनं केला म्हणते."

"मग काही होत नाही. मोबाइल दाखवा फक्त."

"तुम्ही लाइनवर राहा."

मी राहिले. गाडीचा आवाज येत होता, कोणीतरी काहीतरी बोललं, एक बारीक टिकटिक झाली. मग बराच वेळ नुसती गाडी. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, "कोणी सिरीयस आहे काय?" मी मान हलवली.

"गेला," काकाजी म्हणाले.

"काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला." जरा वेळाने परत म्हणाले, "मॅडम, टीसी थँक यू म्हणाला."

मग फोन काकूंनी घेतला. "आशिषनं विचारलं तं आम्ही प्रागले गेलो म्हण."

"खोटं नाही बोलणार मी, काकू."

"मंग फोन उचलू नको."

संध्याकाळी माझ्या फोनवर आशिषचं नाव आलं. वाजून वाजून थांबलं, परत आलं. मी उचललं नाही. धंद्यात मी गिऱ्हाइकाचा फोन कधी टाळला नाही, फक्त तेवढा टाळला. एका मुलाच्या दारात त्याचे आईबाप न सांगता जाऊन उभे राहणार होते, आणि तिथे काय निघणार याचा नाही नाही तो विचार मी नागपुरात बसून करत होते. दार उघडलंच नाही तर? उघडून बंद केलं तर? रस्ता मी दाखवला होता.

ते आल्यावर काकू भेटायला आल्या, तेव्हा कळलं.

पत्ता बरोबर होता; पार्सल पाठवायला आशिषनेच कधीतरी दिलेला. दार एका तेलुगू मुलाने उघडलं. खोली एक, गाद्या चार, आणि खिडकीत काकूंनी दिलेला लोणच्याचा डबा. आशिष कामावर गेला आहे, येईल, असं तो मुलगा म्हणाला आणि त्याने यांना बसायला स्वतःची गादी झटकून दिली. आशिषची नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. घर सोडलं होतं. तो सायकलवर लोकांची जेवणं पोचवत होता आणि दुसरी नोकरी शोधत होता. काकाजी तिकडे जायचं ठरवून बसले तेव्हा त्याला नको म्हणता आलं नाही. मग त्याने एवढंच केलं, की त्यांना युरोपभर फिरवायचं आणि आपल्या गावात फक्त एक दिवस, कोटातला, द्यायचा. कोट त्या तेलुगू मुलाचा होता.

"संध्याकाळी आला," काकू सांगत होत्या. "पाठीवर ते चौकोनी दप्तर राहते ना जेवणाचं, ते. आम्हाले पाहून तसाच उभा राहिला. दप्तर काढाची सुध नाही."

"काकाजी काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणे, लोकाईले जेवू घालून राहिला, तू जेवला काय?"

त्यानंतर ते दोघं प्रागला गेले नाहीत. जवळच एक साधी खोली घेऊन राहिले. काकू रोज त्या मुलांच्या सयपाकघरात चौघांपुरतं झुणका-भाकर नाहीतर वरण-भात करायच्या. जर्मनीत भाकरीचं पीठ कुठून आणलं विचारलं, तर म्हणाल्या, "पोराईनं आणलं. तिकडं साऱ्या गोष्टी मिळतात वं, फकत विचारा लागते." शेवटचा एक दिवस पासवर व्हिएन्नापर्यंत गाडी, तिथून विमान. पासातले बाकीचे दिवस तसेच गेले.

मी ऐकत होते आणि माझ्या मागे भिंतीवर ते सर्टिफिकेट होतं. पोत्यात हात घालायला मी चुकले नव्हते. तळाला ओल होती. पण ओल लागली की माल कुजका, असं ठरवून मी मोकळी झाले. ओल कशाची आहे ते काही पाहिलं नाही. घरातला पहिला शिकलेला माणूस हरला, तर ते सांगायला त्याला घरात जागाच नसते. सगळी जागा फ्रेमने अडवलेली असते. दुसऱ्या कोणाला नाही, तर निदान मला तरी हे कळायला पाहिजे होतं.

काकाजी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले. बसले. चहा नको म्हणाले.

"पास वसूल नाही झाला," त्यांनी सुरुवात केली.

"माहीत आहे."

"साधी तिकिटं स्वस्त पडली असती."

"मी म्हटलं होतं काकाजी."

"म्हटलं होतं." त्यांनी ते मान्य करायला थोडा वेळ घेतला. "आता आशिषचं तिकीट पाहा. तिकडून नागपूर."

"एकतर्फी की परतीचं?"

त्यांनी खिशातून फोन काढला. माझी सवय जात नाही, मी विचारलं, "आशिषला विचारलं आहे ना?"

काकाजींनी कॉल लावला आणि फोन माझ्या बाटलीला टेकवला. या वेळी मागे पांढरी भिंत नव्हती. गाद्या होत्या, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल होता, आणि मागून एक मुलगा दात घासत गेला. आशिष म्हणाला, हो, यायचं आहे. तारीख सांगितली, सामान किती ते सांगितलं. मी लिहून घेतलं आणि शेवटी नेहमी विचारते तसं विचारलं, "अजून काही?"

तो म्हणाला, "नागपुरात हॉटेल नका बघू, मॅडम."

मला हसू आलं. काकाजी हसले नाहीत. त्यांनी फोन बंद करून खिशात घातला, खिसा वरून दाबला.

"परतीचंही काढा," ते म्हणाले. "येतानाची सीट तेवढी कन्फर्म करा. जातानाची तारीख उघडी राहू द्या."